चढणीचे मासे आणि शेतातले औषध

मृगाचा पहिला जोरकस पाऊस झाला आणि ओढ्याला गढूळ पाणी आले, की कृष्णेतले मासे त्या पाण्याच्या उलट अंगाने वर निघतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून चरीत, चरीतून बांधाच्या कडेला साचलेल्या उथळ पाण्यात. आमच्याकडे त्यांना ‘चढणीचे मासे’ म्हणतात. हा प्रवास अंडी घालण्यासाठी असतो. १९७०च्या दशकाच्या अखेरीस, कराडच्या खालच्या अंगाला असलेल्या आमच्या गावात, पहिल्या पावसानंतर आम्ही पोरे टोपल्या आणि जुनी धोतरे घेऊन ओढ्यावर पळत असू. सापडलेल्या माशांच्या पोटात गाभोळी असे. तिची चव आम्हाला ठाऊक होती. रोहूसारख्या माशाच्या मादीत वजनाच्या किलोमागे लाखाच्या वर अंडी असतात, हे मात्र मला चाळिशी उलटल्यावर पुस्तकातून कळले.

मी मत्स्यशास्त्राचा पदवीधर नाही. वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला शिक्षण सुटले आणि पुढे वीस वर्षे एका कृषी सेवा केंद्रात बिले लिहिली. त्या बिलांवर कीटकनाशकाला कीटकनाशक असे कुणी लिहीत नसे. गिऱ्हाईक म्हणे, ‘औषध द्या’, आणि मीही ‘औषध’ असेच लिही. पंप धुण्याची जागा म्हणजे ओढा, यात कुणाला काही वावगे वाटत नसे. सुटीच्या दिवशी स्वतःच्या रानात फवारणी करून मीही तिथेच पंप धूत असे.

या विषयाच्या मागे मी लागलो तो एका वाक्यामुळे. नदीवर आयुष्य काढलेले आमच्या भागातले एक वृद्ध भोई दुकानाच्या पायरीवर बसून बोलता बोलता म्हणाले, “मोठं मासं घावत्यात अजून, पर बारकं दिसंना झालंय.” मी त्या वेळी मान डोलावली आणि बिल फाडले. घरी आल्यावर वाक्य डोक्यातून जाईना. मोठे मासे आहेत आणि बारके नाहीत, याचा अर्थ मरणाचा घाव मोठ्यांवर बसत नसून जन्मावर बसतो आहे. मग कागद शोधायला लागलो. त्या शोधात जे हाती आले ते या लेखात क्रमाने मांडतो.

कायद्याला दिसलेला हात

दख्खनच्या नद्यांतल्या माशांची पहिली शास्त्रीय नोंद कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांची. मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्यांना सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले आणि त्या भटकंतीत त्यांनी मासेही पाहिले, चितारले. त्यांचा दख्खनच्या माशांवरचा प्रबंध १८३९ चा. साइक्स यांनी नवे मासे नोंदवताना इथल्या लोकांच्या तोंडची नावे शास्त्रीय नावांत तशीच बसवली. खुद्री, कोळस, नुक्ता, पोटेल, बोगट, फुलंगी ही नावे आज जगातल्या कोणत्याही मत्स्यशास्त्राच्या यादीत लॅटिन पोशाखात सापडतात. त्यांचे नमुने मुख्यतः पुण्याच्या बाजूचे, भीमेच्या खोऱ्यातले. पण भीमा कृष्णेचीच उपनदी, त्यामुळे ही नावे वाई, कराड, सांगलीच्या पाण्यालाही लागू पडतात. कोयनेतल्या माशांवर २०११ मध्ये आणि वाईजवळच्या कृष्णेतल्या माशांवर २०१२ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाले. त्यांच्या याद्यांतही साइक्स यांनी नोंदवलेली नावे भेटतात.

साइक्स यांनी मासा पाहिला. त्याचे बीज राखले पाहिजे, हे सरकारदरबारी मांडले ते सर्जन फ्रान्सिस डे यांनी. गोड्या पाण्यातील मासे आणि मासेमारी यांवरचा त्यांचा अहवाल १८७३ चा. अंडी घालायला निघालेले मासे आणि त्यांची पिल्ले बारीक जाळ्यांत आणि सापळ्यांत सरसकट पकडली जातात, असे चालले तर नद्या रिकाम्या होतील, असे त्यांचे सांगणे होते. डे १८८९ मध्ये वारले आणि कायदा झाला १८९७ मध्ये.

हा भारतीय मत्स्य कायदा अगदी छोटा आहे. त्याच्या ४थ्या कलमात स्फोटकांनी मासे मारण्यास बंदी आहे, ५व्या कलमात विष घालून मासे मारण्यास. विषाची प्रथा जुनीच होती. सह्याद्रीच्या उतारावरचा रामेठा, तसेच हिंगणबेट, गेळा अशा झाडांची साल किंवा फळे ठेचून डोहात टाकायची आणि मासे गुंगले की वेचायचे. मूळ कायद्यात यासाठी दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. पण त्या कलमात एक अट आहे. विष पाण्यात घालणाऱ्याचा हेतू मासे पकडण्याचा किंवा मारण्याचा असला पाहिजे.

या ‘हेतू’ शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो. डोहात रामेठा टाकणाऱ्याचा हात कायद्याला दिसतो. उसाच्या सरीत औषध टाकणाऱ्याचा हेतू किडा मारण्याचा असतो, आणि पाऊस ते औषध ओढ्यात नेतो. इथे हेतूच नाही, म्हणून गुन्हाही नाही. पुढे १९७४ मध्ये जलप्रदूषणाचा कायदा आला. त्याचे सारे लक्ष कारखान्याच्या नळावर आणि गावाच्या सांडपाण्यावर. शेताला असा एखादा नळ नसतो. शेत चहूबाजूंनी पाझरते.

आईच्या शिदोरीतले विष

डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्युलर यांना १९३९ मध्ये सापडला आणि १९४८ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. आपल्या मुंबई इलाख्यात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६च्या सुमारास धारवाड आणि कानडा जिल्ह्यांत हिवतापाविरुद्ध डीडीटीची फवारणी सुरू केली. १९५३ मध्ये ती देशव्यापी मोहीम झाली. या औषधाने लाखो माणसांचे प्राण वाचले, हे विसरून पुढचे बोलणे कृतघ्नपणाचे होईल. पण घराच्या भिंतीवरून ते रानात उतरले. डीडीटी, गॅमॅक्झिन, एन्ड्रीन ही नावे आमच्या आज्यांच्याही बोलण्यात रुळली.

माशांच्या बाबतीत पहिला मोठा धडा मिळाला तो कॅनडात. न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या मिरामिची नदीच्या खोऱ्यात १९५४ च्या जूनमध्ये जंगलातल्या अळीसाठी विमानातून डीडीटी फवारले गेले. त्या वसंतात जन्मलेली सॅमन माशांची पिल्ले जवळजवळ सगळी नाहीशी झाली. रेचल कार्सन यांनी १९६२च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये ही हकीकत सविस्तर दिली आहे. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तिथले मत्स्यसंशोधक १९५० पासून त्या नदीतल्या पिल्लांची दरवर्षी मोजदाद करत होते, आणि म्हणूनच पिल्ले गेल्याचे कळले. आधीची मोजणी नसती तर त्या नदीवरही एखादा म्हातारा ‘बारकं दिसंना’ एवढेच म्हणाला असता.

दुसरा धडा त्याहून सूक्ष्म आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्ज या सरोवरातल्या ट्राउट माशांची अंडी काढून ती उबवणी केंद्रात वाढवली जात. अंडी चांगली दिसत, फुटतही, पण पिल्ले काही आठवड्यांची झाली की मरत. १९६४ मध्ये बर्डिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे कारण मांडले. पिल्लू जन्मताना पोटाशी बलकाची पिशवी घेऊन येते. तोंडाने खायला लागेपर्यंत तीच त्याची शिदोरी. डीडीटी चरबीत साठते. आईच्या अंगातले डीडीटी बलकाच्या चरबीत उतरत होते. शिदोरी संपत येई तसतसे त्यातले विष पिल्लाच्या अंगात मोकळे होई, आणि शेवटचा घास संपता संपता पिल्लू मरे. आई मात्र धडधाकट होती. ज्या पाण्यात पिल्ले वाढली तेही स्वच्छ होते.

अंड्याच्या आत काय घडते

अंडे बाहेर पडले आणि फळले, की पहिल्या तासा-दोन तासांत ते पाणी शोषून फुगते. त्या पाण्यातून विरघळलेले द्रव्यही आत जाऊ शकते. पुढे अंड्याचे कवच थोडेफार संरक्षण देते, म्हणून पुष्कळ औषधांच्या बाबतीत अंड्यापेक्षा नुकते फुटलेले पिल्लू जास्त नाजूक ठरते. कवच गेले, कल्ले अजून नीट बनलेले नाहीत, कातडी पातळ, आणि विष निकामी करणारे यकृत अजून कोवळे.

फोरेट, मिथिल पॅराथिऑन यांसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधे मज्जातंतूंच्या कामात अडथळा आणतात. मज्जातंतूने स्नायूला दिलेला निरोप पोहोचला की तो पुसून टाकणारे एक विकर शरीरात असते. ही औषधे ते विकर बांधून टाकतात. निरोप पुसला जात नाही आणि स्नायू आखडलेला राहतो. वाढत्या पिल्लाच्या कण्याला यामुळे बाक येतो. हृदयाभोवती पाणी साठणे, अंडे उशिरा फुटणे, फुटल्यावर नीट पोहता न येणे ही लक्षणे प्रयोगशाळांत पुनःपुन्हा दिसली आहेत. वाकडे पिल्लू लगेच मरत नाही. ते प्रवाहात टिकत नाही, भक्ष्य पकडू शकत नाही आणि दुसऱ्याचे भक्ष्य होते. त्याचे प्रेत कुणाला सापडत नाही.

जे पिल्लू वाचते त्याच्यापुढे भुकेचा प्रश्न असतो. रोहू, कटल्याचे अंडे दिवसाच्या आत फुटते आणि बलकाची पिशवी साधारण तीन दिवसांत संपते. त्यानंतर त्याला डोळ्याला जेमतेम दिसतील असे पाण्यातले सूक्ष्म जीव खायला हवेत. यातले बरेच जीव कीटकांचे दूरचे भाऊबंद. किडा मारण्यासाठी बनवलेले औषध त्यांना आधी मारते. मग औषधाचा थेंबही न लागलेले पिल्लू उपाशी मरते.

१९७७ मध्ये मॅककिम या अमेरिकी संशोधकाने माशांच्या संपूर्ण जीवनचक्रावर झालेल्या ५६ चाचण्या एकत्र तपासल्या. चार जातींचे मासे आणि ३४ रसायने त्यांत होती. अंडी, अळीअवस्था आणि कोवळी पिल्ले हीच बहुतेक वेळा सर्वांत हळवी अवस्था ठरली. त्यानंतर जगभर माशांच्या बालावस्थेवरच्या चाचण्यांना महत्त्व आले. आज त्यासाठी झेब्रा मासा वापरतात. त्याला शास्त्रीय नाव मिळाले ते बंगालमध्ये काम करणाऱ्या फ्रान्सिस हॅमिल्टन यांच्याकडून, १८२२ मध्ये. त्याच्या जवळच्या नात्यातले मासे आपल्या सातारी ओढ्यांत पोहतात.

एकाच महिन्यातल्या दोन गोष्टी

आता कृष्णाकाठाकडे येऊ. १८६०च्या दशकात कराडजवळ खोडशीला बंधारा घालून कृष्णेचा कालवा काढला गेला. स्वातंत्र्यानंतर सहकारी साखर कारखाने, उपसा सिंचन आणि धरणे आली, आणि सातारा-सांगलीच्या काळ्या रानात ऊस नदीच्या काठापर्यंत पोहोचला. उसाबरोबर हुमणी आली. वळवाचे पाऊस पडले की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात, अंडी घालतात, आणि जून-जुलैमध्ये तिच्या अळ्या मुळे कुरतडू लागतात. शेतकऱ्याला औषध टाकावे लागते ते याच वेळी. दाणेदार फोरेट वर्षानुवर्षे याचसाठी वापरले गेले. सातारची आल्याची लागण आणि सांगलीची हळदही याच सुमाराची.

चढणीचे मासे निघतात तेही याच महिन्यात. रानातले पहिले पाणी औषध घेऊन खाली उतरते आणि गाभोळी घेऊन मासा त्याच पाण्यातून वर चढतो. दोघांची गाठ ओढ्यात पडते. हे कुणी ठरवून केलेले नाही. हुमणीने, माशाने आणि माणसाने, तिघांनीही आपले वेळापत्रक पावसावरूनच बांधले आहे.

दुकानात मी शेतकऱ्यांना डब्यावरचा त्रिकोण दाखवत असे. लाल म्हणजे अति विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. १९६८चा कीटकनाशक कायदा आणि त्याखालचे १९७१चे नियम यांतून हे रंग आले. केरळात १९५८ मध्ये पॅराथिऑन मिसळलेल्या पिठाने शंभराहून जास्त माणसे मेली, त्या धक्क्यातून हा कायदा घडला. माणूस वाचवणे हा त्याचा उद्देश, म्हणून रंग ठरतो तो उंदरासारख्या प्राण्यांवरच्या चाचणीने. माशाचा त्या रंगाशी संबंध नाही. सायपरमेथ्रीन उंदराच्या मापाने फोरेटपेक्षा पुष्कळ सौम्य. माशाला मात्र लिटरभर पाण्यात त्याचे काही मायक्रोग्रॅम पुरतात. २५ मीटर लांब, २० मीटर रुंद आणि २ मीटर खोल शेततळे धरा. त्यात दहा लाख लिटर पाणी मावते. त्यात एक ग्रॅम औषध मिसळले की लिटरमागे एक मायक्रोग्रॅम होते. मी वीस वर्षे त्रिकोण दाखवला, पण हे गणित कुणाला सांगितले नाही, कारण मलाच ते ठाऊक नव्हते.

औषधे बदलत गेली. डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ मध्ये बंद झाला, बीएचसी १९९७ मध्ये. एन्डोसल्फान हे माशांना अतिशय घातक औषध. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी ते थांबवले. २०१८ च्या आदेशाने मिथिल पॅराथिऑन लगेच आणि फोरेट २०२० अखेर बंद झाले. या प्रत्येक बंदीमागे प्रामुख्याने माणसाच्या आरोग्याचा प्रश्न होता. माशाच्या अंड्यासाठी म्हणून बंद झालेले एकही औषध माझ्या पाहण्यात आले नाही. आणि बंद झालेल्याच्या जागी जे आले त्यातले फिप्रोनीलसारखे औषध माशांना आणि त्यांच्या खाद्याला तितकेच जड आहे.

हिशेबातून गेलेली नदी

एवढे होऊन सरकारी आकड्यांत माशांचे उत्पादन वाढतच आहे. हे कोडे मला बरेच दिवस सुटत नव्हते. त्याचे उत्तर १० जुलै १९५७ या तारखेत आहे. त्या दिवशी ओडिशातल्या अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियुषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. तोपर्यंत तळ्यात सोडायचे बीज पुराच्या नदीतून गाळून आणावे लागे. आता ते हौदात तयार होऊ लागले. मत्स्यजिरे, मग मत्स्यबीज, मग बोटुकली, असे टप्प्याटप्प्याने ते विकत मिळू लागले. हा शोध मोठा आणि गरिबाच्या ताटात मासा आणणारा. पण त्याचा एक परिणाम असा झाला, की नदीत अंडी फुटतात की नाही याची काळजी करण्याचे व्यवहारी कारण उरले नाही. धरणात बोटुकली सोडली जाते, मोठी होते, जाळ्यात येते आणि आकड्यात धरली जाते. रोहू, कटला, मृगळ यांचे पाळणाघर हौदात आहे. कोळस, नुक्ता, पोटेल यांचे पाळणाघर ओढ्यातच आहे, आणि त्यांचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

याला एक अपवाद आपल्याच राज्यात घडला. महाराष्ट्राच्या मत्स्यखात्याचे संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळ्याजवळ वळवणच्या तळ्यावर साइक्स यांच्या ‘खुद्री’चे, म्हणजे दख्खनी महाशीराचे, प्रजनन अभ्यासले. १९७१ मध्ये त्यावरचा त्यांचा लेख आला आणि टाटांच्या वीज कंपनीने तिथे बीज केंद्र चालवले. कुलकर्णी यांनी अंड्यापासून पिल्लापर्यंतचा प्रत्येक टप्पा डोळ्यांत तेल घालून पाहिला. अंडी फुटायला दोन-तीन दिवस लागतात, आणि फुटल्यावर पिल्लू सहाएक दिवस तळाशी डोके खुपसून जवळजवळ निश्चल पडून राहते. काठालगतच्या खडी-गोट्यांत, जिथे रानातले पाणी सर्वांत आधी येऊन मिसळते, तिथे ते पिल्लू पळूही शकत नाही.

मरळीचे उलट. तिची तांबडी पिल्ले झुंडीने फिरतात आणि आईबाप त्यांची राखण करतात. बगळा आला तर मरळ अंगावर जाते. औषधावर कशी जाणार?

सगळा दोष कीटकनाशकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. धरणांनी चढण अडवली, वाळू उपशाने अंडी घालायच्या जागा गेल्या, तिलापिया घुसला, मळीचे पाणी आले. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचे थर सर्वांनी पाहिले. त्यावर बातम्या आल्या, नमुने घेतले गेले, आणि ते योग्यच झाले. तसे प्रेत दिसले की चौकशी होते. अंडे फुटलेच नाही तर पंचनामा कशाचा करायचा?

म्हणून मला वाटते की आपल्या नदीला मरणाची नोंद पुरेशी नाही, जन्माची नोंद हवी. मिरामिचीवर जे १९५० पासून होत होते ते कृष्णेच्या चार-दोन ओढ्यांवर आषाढात व्हायला हरकत नाही. त्याला बारीक जाळी, पांढरी थाळी, भिंग आणि वही एवढेच लागते. आमच्या भागातली महाविद्यालये आणि शाळाही ते करू शकतील. शेतकऱ्याच्या हातातल्या गोष्टीही साध्या आहेत. पंप ओढ्यात न धुता ते पाणी रानातच मुरवायचे, ढग भरून आलेल्या दिवशी औषध टाकायचे नाही, आणि ओढ्याच्या कडेला चार-सहा हात गवताचा पट्टा राखायचा. औषध टाकूच नका, असे मी म्हणणार नाही. कर्जाचा ऊस हुमणीने वाळताना मी पाहिला आहे.

दुकान सोडल्यापासून दर आषाढात मी आमच्या ओढ्यावर पांढरी थाळी घेऊन जातो. पाणी घेतो, निवळू देतो, भिंगातून पाहतो आणि जे दिसेल ते तारीख घालून लिहितो. काही दिवशी थाळीत सुईच्या टोकाएवढे दोन काळे डोळे हलताना दिसतात. पुष्कळ दिवशी काहीच दिसत नाही, आणि त्या दिवशीही मी वहीत तारीख घालून शून्य लिहितो.